परात सव्वाअठरा

१.
किचन ट्रॉलीच्या दुकानात पहिला प्रश्न : "ओटा किती फुटी?" दुसरा : "बजेट किती?" घरात भांडी काय आहेत, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

२.
सोलापूरच्या पूर्व भागातलं हार्डवेअरचं दुकान. मालक घरच्यांशी तेलुगूत बोलतो, हमालाशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत. माप तिन्ही भाषांत इंचात. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा. "18 एमएमचं प्लाय, 21 इंची ट्रॉली." एका वाक्यात दोन्ही.

३.
मिस्त्रींचा इंच आठ सुतांचा. "दोन सूत कमी धरतो" म्हणजे पाव इंच. चादरींच्या गावात वाढल्यामुळे सूत म्हटलं की मला अजून धागाच दिसतो.

४.
खालच्या खणाची खोली साधारण दोन फूट. ही माणसाच्या हाताच्या लांबीवरून ठरली असेल, असं मला वाटायचं. मिस्त्री म्हणाले, "शीट आठ बाय चारची येते. चारात दोन निघतात." करवत जाते तिथं भुसा होतो, म्हणून दोन फुटांना थोडं कमीच.

५.
आमची परात. पितळी, आईच्या लग्नातली. काठापासून काठापर्यंत सव्वाअठरा इंच.
ट्रॉलीचा खण 21 इंची. दोन्ही बाजूंचं 18 मिमी प्लाय वजा केलं की उरतात साडेएकोणीस. ट्रॉली ज्यावर सरकते त्या चॅनेलला दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच. साडेअठरा. जाळीच्या तारांची जाडी गेली की जेमतेम अठरा.
मिस्त्री म्हणाले, "तिरकी घाला की ओ, बसतंय."
तिरकी घातली. बसली. ट्रॉली मिटेना.

६.
1926 साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. साधारण सव्वासहा फूट बाय अकरा फूट. स्वयंपाक करणाऱ्या बाईची पावलं मोजून. पीठ-साखरेसाठी ॲल्युमिनियमचे कप्पे, त्यांवर नावं. अशी दहा हजारांच्या आसपास बसवली गेली. त्याआधी आपण कधी स्वयंपाक केलेला नव्हता, असं त्यांनी पुढे मोकळेपणानं सांगितलं.

७.
सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत. घरं 10,000. 2006 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झालं. पुढे शेजारीच 30,000 घरांचं रे नगर. त्यातल्या 15,000 घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 ला दिल्या गेल्या.
विडी वळताना सूप मांडीवर असतं. काम संपलं की भिंतीवरच्या खिळ्याला. सुपासाठी खण कुठल्याच कॅटलॉगमध्ये पाहिला नाही.

८.
आमच्याकडे पाण्याचा दिवस असतो. तो चार-पाच दिवसांनी येतो.
200 लिटरचं पिंप साधारण तीन फूट उंच. ओटा 34 इंच. पिंप खाली जात नाही.
दुकानातल्या चित्रात सिंकखाली कचऱ्याची गोल बादली होती, झाकण उचलणारी. आमच्या सिंकखाली चार घागरी.

९.
ओट्याची उंची. ठोकताळा असा : उभं राहून हात कोपरात वाकवायचा, कोपरापासून तीन-चार इंच खाली ओटा. भाजी चिरायला हे ठीक. मळायला, थापायला आणखी दोन-तीन इंच खाली, कारण तिथं खांद्याचा जोर लागतो.
आईची उंची 4 फूट 10 इंच. कोपर साडेछत्तीस इंचांवर. बायकोचं कोपर एकोणचाळीसवर.
मिस्त्रींनी सगळ्या घरांना देतात तीच उंची सांगितली : 34.

१०.
"आमच्यात भाकरी खाली बसूनच," शेजारच्या आजी म्हणाल्या. त्यांच्या नव्या ओट्यावर मिक्सर, ओव्हन आणि गणपती.

११.
घरगुती सिलिंडर 14.2 किलोचा, सव्वादोन फुटांच्या आत उभा राहतो. त्याच्या खणाला आधी छान बंद दार ठरलं होतं, बाकीच्या दारांसारखं. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. दाराला खालून जाळी घातली. सेट बिघडला, असं पाहुणे म्हणतात.

१२.
मंगळवेढ्याकडं ज्वारी पेवात ठेवत. जमिनीत खोदलेलं, माणूस आत उतरेल एवढं. उघडल्या उघडल्या उतरायचं नाही, हा नियम. हवा कोंडलेली असते.

१३.
आता मालदांडी ज्वारीचं 50 किलोचं पोतं आणलं की सगळे एकमेकांकडं बघतात. ते कुठल्याही खणात मावत नाही. सध्या पलंगाखाली आहे. पलंगाचं माप बरोबर निघालं.

१४.
5 लिटर तेलाचा कॅन 8 इंची जाळीत व्यवस्थित उभा राहतो. वरची ट्रॉली मग उघडत नाही.

१५.
वरची कपाटं एक फूट खोल. ओट्याइतकी खोल केली असती तर भाजी ढवळताना कपाळ आपटलं असतं. शेवटची फळी सात फुटांवर. तिथं आईचा हात पोचत नाही, म्हणून दिवाळीचे सोऱ्या-झारे तिथं. वर्षातून एकदा स्टूल.

१६.
जुन्या घरात ओट्याखाली कडप्प्याच्या दोन फळ्या होत्या. दार नाही, चॅनेल नाही. खाली शहाबादी फरशी. आंधळा माणूसही हळदीचा डबा काढू शकला असता. पालही.

१७.
शेंगा कुटायचं उखळ. "ट्रॉलीत ठेवू नका, चॅनेल बसेल," मिस्त्रींनी बजावलं. आईनं विचारलं, "मग ट्रॉली कशासाठी?"

१८.
शेवटी केलेला बदल : ओटा 34 ठेवला, खिडकीकडचा तीन फुटांचा तुकडा 30 वर उतरवला. मिस्त्री नाखूश. दगड दोनदा कापावा लागला, रेघ मोडली. आई तिथं भाकरी थापते. आवाज पूर्वीसारखा येतो.

१९.
मेहुण्याचा फोन. त्याचं होटगी रोडला नवं घर, त्यालाही ट्रॉली करायच्या आहेत. मापं मागत होता. आमची देऊन उपयोग नाही म्हटलं. आधी घरातली सर्वांत मोठी परात, सर्वांत उंच डबा, सिलिंडर, पिंप आणि रोज स्वयंपाक करणाऱ्याचं कोपर मोज. भिंत मिस्त्री मोजतातच.
म्हणाला, "फोटो तरी पाठवा."

२०.
एकूण खण 14. परात रोज धुऊन ओट्याच्या टोकाला भिंतीशी टेकवून ठेवतो.