शायेनची जत्रा : काही टिपणे

वायोमिंगची राजधानी शायेन. सहा हजार फुटांवर, झाडं कमी, वारा फार. जुलैअखेरीस इथे दहा दिवस 'फ्रंटियर डेज' हा रोडिओ, म्हणजे काउबॉयच्या खेळांचा उत्सव, भरतो. गावकरी त्याला 'सगळ्यांचा बाप' म्हणतात. वयाने तो थोरला नाही, ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटचा रोडिओ १८८८चा आणि हा १८९७चा. पण पसारा पाहिला की वाद घालावासा वाटत नाही.

*

सकाळी फुकट पॅनकेक. पीठ सिमेंट कालवायच्या मिक्सरमध्ये भिजवतात! तव्यावरून उडवलेले पॅनकेक स्काउटची पोरं झेलतात. रांग लांबलचक, पण कुणी कुरकुरत नाही.

*

मिरवणुकीत बग्ग्या, टपालगाड्या, बँड, घोडेस्वार. शेवटी लीद उचलणारे. टाळ्या त्यांनाही, आणि मनापासून.

*

हा उत्सव काउबॉयच्या डोक्यातून निघालेला नाही. युनियन पॅसिफिक रेल्वेच्या एका अधिकाऱ्याला गाड्या भरायला निमित्त हवं होतं. टेक्सासहून गुरांचे कळप शेकडो मैल हाकत आणायचे दिवस तोवर सरले होते. १८६६च्या सुमारास ते सुरू झाले. पुढे काटेरी तार आली, रेल्वे पसरली, १८८६-८७च्या हिवाळ्यात गुरं लाखांनी मेली. जेमतेम वीस वर्षांचा धंदा. त्याची आठवण सव्वाशे वर्षं चालली आहे.

*

बैलावरची स्वारी. एक हात दोरीत, दुसरा हवेत, आठ सेकंद. मोकळा हात बैलाला लागला की बाद. शंभरातले निम्मे गुण स्वाराचे, निम्मे बैलाचे. त्यामुळे गरीब बैल वाट्याला येणं हे दुर्दैवच. पगार कुणाला नाही. प्रवेश फी पदरची, आणि पडलं की हात हलवत घरी.

मैदानाबाहेर लेन फ्रॉस्टचा पुतळा आहे. १९८७चा जगज्जेता. ३० जुलै १९८९ला इथेच त्याने आठ सेकंद पुरे केले, खाली उतरला, आणि बैलाने पाठीत धडक दिली. वय २५. आज स्वार जे संरक्षक जाकीट घालतात ते त्यानंतर आलं. वारसा-बिरसा ठीक, पण इथली भीती नाटकी नाही.

*

सिनेमातला काउबॉय गोरा असतो. पण फासा टाकणं, जीन, गुरं वळवायच्या युक्त्या, बहुतेक सगळं मेक्सिकोच्या व्हाकेरोंकडून, म्हणजे घोडेस्वार गुराख्यांकडून, आलेलं. कृष्णवर्णीय काउबॉयही पुष्कळ होते. धावत्या घोड्यावरून झेप घेऊन बैलाला शिंगं धरून लोळवण्याचा खेळ बिल पिकेट या कृष्णवर्णीय काउबॉयने रूढ केला. तो बैलाचा ओठ दातांत धरायचा. १९०४ साली त्याने ते शायेनच्या प्रेक्षकांना दाखवलं होतं. मिरवणुकीच्या चित्ररथांवर मला तो दिसला नाही.

*

वासराला फासा टाकून खाली पाडणं मला बघवलं नाही. प्राणिप्रेमी संघटनांचा आक्षेप जुना आहे. आयोजक नियम आणि पशुवैद्य दाखवतात. बैलगाडा शर्यतीचा वाद ऐकलेल्या मराठी माणसाला दोन्हीकडचे मुद्दे पाठ असतात; आपल्याकडे तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०१४ला बंदी आली आणि २०२३ला कायद्याला मान्यता मिळाली. माझं मत : बैलावरची स्वारी राहावी, वासराचा खेळ बंद व्हावा.

*

जाणार असाल तर राहायची सोय महिनोन् महिने आधी करा. दुपारी गडगडाटी पाऊस येतो, रेनकोट ठेवा. आणि मैदानाशेजारच्या इंडियन व्हिलेजमध्ये मूळ रहिवाशांची नृत्यं होतात, ती चुकवू नका. ही गवताळ जमीन काउबॉयच्या आधी त्यांची होती.