उत्तरभाग आणि वाचकांचा निवाडा

मालिकारूप कादंबरीचा शेवटचा भाग ही स्वतंत्र संहिता मानायची की आधीच्या भागांवरचे भाष्य, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा गांभीर्याने घेतलेला नाही. नेमाडे यांच्या चांगदेव चतुष्टयाची चर्चा पुष्कळ झाली. पण अद्भुताच्या आधाराने उभी राहणारी लोकप्रिय मालिका आणि तिच्या अखेरच्या भागाविषयी सामान्य वाचकाने दिलेला निर्णय यांना आपल्या समीक्षाव्यवहारात जवळजवळ जागाच नाही. श्रीगोंद्यात मराठीचे अध्यापन करताना अमीश त्रिपाठी यांच्या शिवविषयक कादंबरीत्रयीबद्दल विद्यार्थ्यांची जी मते कानी आली, त्यांमुळे हा प्रश्न माझ्यापुरता अटळ झाला.

या त्रयीचे मूळ इंग्रजी भाग 2010, 2011 आणि 2013 या वर्षांत प्रसिद्ध झाले. ‘मेलुहाचे मृत्युंजय’, ‘नागांचे रहस्य’ आणि ‘वायुपुत्रांची शपथ’ या नावांनी ते मराठीत आले. आमच्याकडे हे अनुवाद एका प्रतीवर दहा-बारा जण या हिशेबाने वाचले गेले. पहिल्या दोन भागांविषयी मतभेद नव्हता. तिसऱ्यावर मात्र तट पडले. तक्रारी साधारण तीन प्रकारच्या होत्या : चर्चाच फार आहे, ज्यांचे नाव ग्रंथाला दिले ते वायुपुत्र कथेत थोडाच वेळ दिसतात, आणि सतीचा अंत तसा व्हायला नको होता.

यांतील पहिल्या दोन तक्रारी घडणीच्या आहेत. सप्ताहातील कीर्तन ऐकून परतणारा आमच्या भागातला श्रोता ‘आज रंग भरला नाही’ असे म्हणतो, तेव्हा आख्यानाबद्दल त्याची तक्रार नसते. आख्यान त्याला पाठ असते. तो कथा आणि कथन यांत भेद करतो, आणि तोही कोणत्याही कथनमीमांसेचा आधार न घेता. वायुपुत्रांविषयीची तक्रार याच जातीची आहे.

‘चर्चा फार’ या तक्रारीला मात्र वर्गातूनच विरोध झाला, आणि तो अनपेक्षित दिशेने आला. या त्रयीत दुष्टत्वाचे स्थान सतत सरकत जाते. आधी ते चंद्रवंशीयांत आहे असे वाटते, मग नागांत, आणि अखेरीस ते सोमरसात सापडते. ज्या पेयाने मेलुहाला दीर्घायुष्य दिले, त्याच्याच निर्मितीसाठी सरस्वतीचे पाणी आटते आणि त्याच्या विषारी अवशेषामुळे दूरच्या ब्रंग देशात रोगराई पसरते. हे विवेचन कंटाळवाणे वाटणाऱ्यांत बाहेरून शिकायला आलेले विद्यार्थी अधिक होते. कुकडीच्या आवर्तनाची वाट पाहणाऱ्या गावांतून येणाऱ्या मुलांना मात्र ते कथेइतकेच उत्कंठावर्धक वाटले. वरच्या अंगाला कोणी किती पाणी घेतले आणि त्याची झळ खाली कोणाला बसली, हा त्यांच्या दृष्टीने तत्त्वचर्चेचा विषयच नव्हता. हान्स रॉबर्ट याउसच्या परिभाषेतले अपेक्षाक्षितिज केवळ पूर्वी वाचलेल्या ग्रंथांनी घडत नाही, पाटाच्या पाण्यानेही घडते, एवढे यावरून म्हणता येईल. शिवाय हे गाव शेख महंमदांचे. सतराव्या शतकातील त्यांच्या ‘योगसंग्राम’ या ग्रंथाचे नाव युद्धाचे आहे, पण त्यातील संग्राम आतला आहे. शत्रू समोरच्या सैन्यात नसतो, ही कल्पना येथे नवी नाही.

तिसरी तक्रार सर्वांत गुंतागुंतीची आहे. दक्षयज्ञात सतीने देहत्याग केला हे पुराणवृत्त ठाऊक नसलेला वाचक येथे सापडणार नाही. म्हणजे सती जाणार हे माहीत होते, तरीही तिच्या जाण्याला आक्षेप आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात रामायणासारख्या कथाश्रयांना सिद्धरस मानून, त्यांच्या बाबतीत कवीने रसविरोधी स्वेच्छा चालवू नये असे बजावले आहे. तक्रार करणारे विद्यार्थी नकळत याच भूमिकेवरून बोलत होते. परंतु कादंबरीकाराने मोडले काय? दक्षाचे कृत्य, त्यातून सतीचा मृत्यू आणि त्यानंतरचा संहार हा क्रम त्याने राखला आहे. बदल केला तो मरणाच्या प्रकारात. त्याची सती अग्नीत जात नाही, मारेकऱ्यांशी लढताना पडते.

यावर वर्गातल्या दोन विद्यार्थिनींत झालेला वाद मला त्रयीवरच्या कोणत्याही परीक्षणाहून मोलाचा वाटतो. एकीचे म्हणणे असे, की पहिल्या भागात ‘विकर्म’ ठरवलेली स्त्री शेवटी हातात शस्त्र घेऊन मरते, ही या ग्रंथाची सर्वांत मोठी कमाई आहे; नवऱ्याच्या अपमानापायी ती जळत नाही. दुसरीचे उत्तर असे, की मरणाचा प्रकार बदलला तरी त्याचा उपयोग बदलला नाही. तिच्या मरणाने शिवाचा क्रोध जागा होतो, पाशुपतास्त्राने देवगिरी नष्ट होते आणि कथा पुन्हा त्याचीच होते. पुराणात वीरभद्राने यज्ञ उद्ध्वस्त केला, येथे नगर उद्ध्वस्त होते, एवढाच फरक.

हा वाद मिटला नाही, आणि मिटावा असेही मला वाटत नाही. दोघीही शेवटापासून मागे वाचत होत्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आनंदवर्धनाने चौथ्या उद्द्योतात महाभारताचा अंगी रस शांत ठरवला तो वृष्णी आणि पांडव यांच्या विरस अखेरीकडे पाहूनच. अठरा दिवसांचे युद्ध वीररसाने कितीही भरलेले असो, त्याचा अर्थ शेवट ठरवतो. या न्यायाने उत्तरभाग हा मालिकेतला केवळ पुढचा भाग राहत नाही. तो आधीच्या भागांचा रस नव्याने ठरवतो. पहिले दोन भाग वीराच्या अपेक्षेने वाचलेल्यांना तिसऱ्याने करुणात आणून सोडले. त्यांची नाराजी या रसांतराची आहे. ते रसांतर पुरेशा तयारीने घडवले आहे का, हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे. माझ्या मते तयारी अपुरी आहे. परंतु तो प्रश्न वाचकांनीच उपस्थित केला, हे नाकारता येत नाही.

त्या दोघींपैकी एकीने पुढे याच विषयावर लघुप्रबंध लिहायचे ठरवले. हे वाङ्मय नव्हे, असा शेरा मारून तिचा विषय परत आला. मालिकेच्या वाङ्मयीन दर्जाविषयी मलाही शंका आहेत. पण तिचा विषय ती मालिका नव्हती, तिचा विषय होता वाचन. सहृदय ही संकल्पना आपण व्याख्यानांतून आदराने शिकवतो आणि प्रत्यक्ष सहृदय समोर उभा राहिला की त्याने कोणते पुस्तक वाचले ते आधी विचारतो. त्या पुस्तकाने त्याच्यात कोणती विवेकबुद्धी जागवली, हे विचारायचे राहून जाते. अभ्यासक्रमात जागा मिळाली नाही तरी ती मुलगी वाचत राहील. वाचकाचा विचार गमावून बसेल ती आपली समीक्षा.