शिक्का निकॉनचा, घडण कोसिनाची

संपादकांनी मागितल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या आठवणी. प्रस्तुत लेखक कॅमेरे उघडतो आणि जोडतो. आठवणी गिऱ्हाइकांकडे असतात. तरी एक प्रकरण डोक्यातून जात नाही. खानापूर तालुक्यातल्या विट्याच्या एका गलाईवाल्या, म्हणजे सोनं गाळणाऱ्या, गृहस्थांनी वडिलांचा निकॉन एफएम१० दुरुस्तीला आणला. शटर सुरू झालं. पण हा निकॉनच्या कारखान्यातला नव्हे, एवढं सांगताच ते म्हणाले, ‘‘म्हणजे डुप्लिकेट?’’

अजिबात नाही! १९९५ साली तो निकॉननेच बाजारात आणला. घडवला मात्र कोसिना या दुसऱ्या जपानी कंपनीने. एफएम (१९७७) आणि एफएम२ (१९८२) हे निकॉनच्या घरचे. नावातल्या साम्याने घोळ झाला. दागिन्यावर शिक्का पेढीचा आणि सोनं गाळणारा खानापूर तालुक्यातला, हे खरं तर विट्यात कुणाला समजवावं लागू नये.

तळाचे स्क्रू काढून झाकण उचललं की वाद मिटतो. शेजारी याशिका एफएक्स-३ सुपर २००० आणि ऑलिंपस ओएम-२००० उघडून ठेवावेत. रोल ओढणारी चक्रं, लिव्हरची मांडणी, उभं धावणारं धातूच्या पात्यांचं शटर, सगळी एकाच घरची भावंडं. मूळ पुरुष कोसिना सीटी-१. फरक पडतो तो माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यात. माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर निकॉनला ४६.५ मिलिमीटर, ऑलिंपसला ४६, याशिकाला ४५.५. त्यात केसभर फरक पडला तरी दूरचा डोंगर अस्पष्ट येतो. वाचकांना याचं काय, असं संपादक म्हणतील. पण कोसिनाची सगळी करामत या अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरात आहे.

मग अस्सल कोण?

आरशातून बघायचे असे कॅमेरे निकॉनच्या आधीचे. ड्रेस्डेनच्या इहागे कारखान्याचा किने एक्झाक्टा १९३६ चा. त्यात मान खाली घालून बघावं लागे. १९४९ च्या काँटॅक्स एसमध्ये पंचकोनी प्रिझम आला आणि कॅमेरा डोळ्याला लागला. डोक्यावरचा तो उंचवटा त्या प्रिझमचाच. फोटो निघताच आरसा आपोआप जागेवर यावा, ही सोय जपानी कॅमेऱ्यांत १९५४ च्या असाहीफ्लेक्स टू-बीने आणली, आणि त्याच्याही आधी हंगेरीच्या ड्युफ्लेक्समध्ये ती होती. १९५९ चा नामवंत निकॉन एफ या सगळ्यांच्या नंतरचा. त्याचा सांगाडाही निकॉनच्याच एसपी या बिनआरशाच्या कॅमेऱ्यावरून घेतलेला. थोर यंत्र, यात शंका नाही. पण आरसा आणि प्रिझम दोन्ही आधीच्यांचे.

याच कोसिनाने १९९९ मध्ये आपल्या जुन्या सांगाड्यातला आरसा आणि प्रिझम काढून टाकला आणि त्यावर फोख्टलेंडर हे १७५६ पासूनचं युरोपी नाव घातलं. तो बेसा-एल शौकिनांनी कौतुकाने घेतला. त्याला डुप्लिकेट म्हटलेलं ऐकिवात नाही.

जुन्या बाजारात आजही नाव वाचूनच पैसे मोजले जातात. मागच्या झाकणाचा फोम वितळून काळा चिकटा झालाय का, हे कुणी बघत नाही. तो खरवडून नवा बसवायला बराच वेळ जातो, आणि मजुरी सांगितली की तोच निकॉन गिऱ्हाइकाला एकदम ‘जुनाट डबा’ वाटू लागतो.