मुरलेल्या तंबाखूची पारख : लखनौची टिपणे

लखनौच्या चौकात खमिऱ्याचा, म्हणजे हुक्क्याच्या मुरवलेल्या तंबाखूचा, डबा उघडला की आधी काकवी येते, मग पिकल्या फळाचा आंबूस गोडवा, मागाहून वाळा. तंबाखू सगळ्यांत शेवटी येते, ती थेट घशाशी. दुकानदार चिमूटभर काढून बोटांत दाबून दाखवतो. गोळी एकजीव राहिली पाहिजे, बोटाला चिकटली पाहिजे, पण हात बरबटता कामा नये. काकवी वेगळी पाझरू लागली तर माल अजून कच्चा आहे.

*

हुक्क्याच्या तंबाखूला इथे कडवी, मिठी अशी नावं आहेत. या दोहोंच्या मधली ती दोरसा. खमीरा या सगळ्यांत नखरेल. पान कुटायचं, काकवीत कालवायचं, फळांचा गर आणि सुगंधी मसाला घालायचा आणि तोंड बांधून मुरायला ठेवायचं. आपल्याकडे वाड्यांतल्या गुडगुडीसाठी गुडाखू करत, तो याच घराण्यातला.

*

सिगारचं पानही मुरवावंच लागतं. क्यूबात वाळलेल्या पानांचे ढीग रचतात, आतून ऊब धरते, मग उलथापालथ करून पुन्हा रचतात. कोवळ्या मालातला अमोनियाचा झणका या उबेत उतरतो. घाईने बरणीबाहेर काढलेल्या लोणच्यात कैरी वेगळी, मोहरी वेगळी लागते. न मुरलेल्या तंबाखूचं तेच होतं. खमीरा असो की हवाना, माझी पहिली कसोटी हीच : सगळे वास एकमेकांत मिसळले आहेत का?

*

उत्तरेला तंबाखूचं व्यसन दक्षिणेकडून गेलं. असद बेग हा अकबराचा वकील विजापूरच्या आदिलशाही दरबारी गेला होता. १६०४च्या सुमारास परतताना त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहापुढे ठेवली. हकीम नको म्हणत असतानाही अकबराने दोन-चार झुरके घेतले. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने मनाई केली. ती कुणी फारशी मानली नाही.

हुक्क्याच्या बैठकीवरची, धातूत चांदी जडवलेली बिदरी नक्षीही दख्खनचीच. लखनौच्या कारागिरांनी तिच्यात चांदी पृष्ठभागाच्या वर उचलून घेतली. त्या कामाला जर-बुलंद म्हणतात. बोट फिरवलं की वेल हाताला लागते.

*

खमीरा पेटवत नाहीत, शेकतात. चिलमीत तंबाखू, तिच्यावर मातीचा तवा, त्यावर कोळशाच्या टिकिया. विस्तव अंगाला भिडला की काकवी करपते आणि धूर कडवट होतो. म्हणून चिलीम भरणाऱ्याच्या हाताला मोल. गच्च भरली तर दम ओढता येत नाही, सैल भरली तर पटकन जळते.

*

सिगार वळणाऱ्याचा हातही असाच ओळखू येतो. आत भरणाची पानं, त्यांना आवळणारं बांधणीचं पान, वर वेष्टण. पेटवण्याआधी बोटांनी हलकेच दाबत जावं. कुठे गाठ लागते, कुठे पोकळ, ते कळतं. टोक कापून न पेटवताच एक झुरका घ्यावा. हवा सहज आली पाहिजे. पेटल्यावर जळती कड सर्व बाजूंनी सारखी सरकावी. आत चुरा न घालता अख्खी, लांब पानं घातली असतील तर राख घट्ट धरून राहते. धूर छातीत न घेता तोंडात घोळवतात. मिनिटाला एखादा झुरका पुरे. घाई केली की सिगार तापते आणि सगळी चव एकाच कडूपणात बुडते. शेवटच्या तृतीयांश भागात धूर जड होतोच. तिथेही गोडवा टिकला तर पान खरं मुरलेलं.

*

हुक्क्याचा धूर पाण्यातून येतो म्हणून निर्मळ होत नाही. निकोटिन राहतं, वर कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड मिळतो. धूर तोंडातच ठेवला तरी सिगारने तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. हे माहीत असल्यामुळे मला डबा हुंगण्यातली, पान हातात घेऊन पाहण्यातली पारख अधिक मोलाची वाटते. तिच्यासाठी काही पेटवावं लागत नाही.

*

पारखीला दुसरीही बाजू आहे. उत्तर प्रदेशात फर्रुखाबादकडच्या कायमगंजला तंबाखूची मोठी पेठ आहे, आपल्या सीमाभागात निपाणीला. अशा पेठेत व्यापारी पान चुरगाळतो, हुंगतो, प्रत ठरवतो आणि त्या एका हुंगण्यावर शेतकऱ्याचं वर्ष ठरतं. रास्त भावासाठी निपाणीचे शेतकरी १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशींसोबत महामार्गावर बसले होते. ६ एप्रिलला त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसं गेली. उंची तंबाखूची चव जाणतो असं म्हणणाऱ्याने चव सांगून थांबू नये. हे पान कोणत्या भावाने घेतलं आणि वळणाऱ्याला काय मिळालं, हेही विचारावं. त्या प्रश्नांवाचून केलेली पारख अपुरी आहे.