चार चाकांवरची शेज

कच्छचे रण पाहावयाचे ते पौषात. वर्षाकाळी तेथे समुद्राचे व नद्यांचे पाणी पसरते. ते ओसरून मिठाचा थर पुरता धरला जाईपर्यंत मार्गशीर्ष उजाडतो आणि फाल्गुन लागला की ऊन सोसवत नाही. त्यातही चांदण्यातले रण पाहावयाचे तर पौर्णिमाच साधली पाहिजे. २०२५ साली पौष पौर्णिमा १३ जानेवारीस आली आणि लगेच दुसऱ्या दिवशी मकरसंक्रांत. आधीचे शनिवार-रविवार व उत्तरायणाच्या सुट्या जोडून घेतल्या, तेव्हा पाच दिवस आणि चार रात्री आमच्या पदरात पडल्या.

अडचण होती ती रात्रींचीच. आमच्या सौभाग्यवतींच्या कमरेच्या मणक्यांनी सहा वर्षांपासून असहकार पुकारला आहे. मऊ गादी वर्ज्य, जमिनीवरून उठणे अशक्य. सपाट, टणक आणि गुडघ्याएवढ्या उंचीची फळी, एवढेच पथ्य वैद्यकांनी सांगितले. बडोद्यातील घरी ते निभते. परगावी मात्र कोणता पलंग मिळेल याचा नेम नसल्याने त्यांनी हळूहळू प्रवासच सोडला होता. लग्नकार्यांची निमंत्रणे येत, अहेर पाठविले जात, त्या मात्र झोपाळ्यावर बसून राहत. घरातील एक माणूस असे उंबरठ्याच्या आत आत सरकत जाताना पाहणे क्लेशाचे असते. तेव्हा पलंग वाटेवर मिळत नसेल, तर तो बरोबर न्यावा, असा विचार आमच्या मनात आला.

आमची गाडी जीपच्या घाटाची, चारही चाकांना जोर देता येईल अशी. मागे समोरासमोर दोन लांबट आसने असून ती भिंतीकडे दुमडून ठेवता येतात. आसने दुमडल्यावर मध्ये ४२ इंच रुंदी उरते. दोघांना ती बेताचीच. पण संसारात एवढे सांभाळून घेण्याची सवय आम्हां उभयतांस आहे. लांबीचा प्रश्न बिकट होता. पुढील आसनांच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत जागा अवघी पाच फूट. पुढील आसने सरकवून त्यांच्या पाठी पुढे वाकविल्या की आणखी १४ इंच मिळतात. म्हणून मंचक दोन भागांत केला. मोठा भाग पाच फुटांचा, आणि त्यास बिजागरीने जोडलेली १४ इंचांची उलटी फळी. दिवसा ती मोठ्या भागावर पालथी पडून राहते, रात्री उघडून खालून दोन पाय देऊन टेकविली की सहा फूट दोन इंचांची शेज तयार.

उंची ठरविताना डोके आणि सामान यांचे भांडण मिटवावे लागते. मंचक उंच केला तर खाली पेट्या मावतात, पण वर ताठ बसता येत नाही. आणि ज्याला पाठीचे दुखणे आहे त्याने वाकून कपडे बदलणे म्हणजे दुखण्यास आवतण देणे होय. आमच्या गाडीचे छत तळापासून ४८ इंचांवर. फळीचा माथा ११ इंचांवर ठेवला, त्यावर दोन इंचांची काथ्याची गादी. वर ३५ इंच उरले. सौभाग्यवतींस भिंतीशी ताठ बसवून माप घेतले ते ३२ इंच भरले होते, म्हणजे तीन इंचांची शिल्लक. मागच्या दारात पाय खाली सोडून बसले की उंची नेमकी खुर्चीएवढी होते. त्यामुळे उठताना कमरेस झटका बसत नाही.

सांगाडा एक इंची चौकोनी लोखंडी नळीचा केला. अशी सुमारे १२ मीटर नळी लागली. तिचे वजन १४ किलोच्या आसपास जाते. वर १२ मिलिमीटरची, पाण्यास दाद न देणारी प्लायवूडची फळी. फळीस बोटभर व्यासाची भोके पाडून घेतली, कारण निजलेल्या माणसाच्या अंगची ऊब व खालची थंडी यांच्या संगमावर गादीच्या पोटाशी दव धरते आणि चार दिवसांत बुरशीचा वास येऊ लागतो. उलटी फळी धरून एकूण भार ३० किलोच्या आत राहिला.

खरी जोखीम मात्र निजण्याच्या वेळी नसून चालण्याच्या वेळी असते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर आतील प्रत्येक सुटी वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे चौदापट जोराने पुढे झेपावते. ३० किलोचा मंचक त्या क्षणी ४२० किलोचा होतो, आणि त्याच्या वाटेत आपल्या माना असतात. म्हणून तो दोरीने बांधून भागत नाही, बोल्टांनीच जखडला पाहिजे. त्याच वेळी कायदाही ध्यानी ठेवावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकास गाडीत करता येत नाही. यास्तव आम्ही एकही आसन काढले नाही, पत्र्यास एकही नवे भोक पाडले नाही. आसनांचे पाय ज्या बोल्टांनी तळाशी धरलेले असतात, त्यांच्याच भोकांत थोडे लांब पण तितक्याच कसाचे बोल्ट घालून सांगाड्याच्या पट्ट्या आवळल्या. पट्टी व बोल्टाचे डोके यांमध्ये रुंद वायसर घातले, म्हणजे ताण एका बिंदूवर न येता पसरतो. कमरपट्ट्यांच्या बोल्टांना हात लावला नाही. ते माणसांसाठी राखलेले. सहा बोल्ट सोडले की अर्ध्या तासात गाडी पूर्ववत होते.

अशा रीतीने सिद्ध होऊन ११ तारखेच्या पहाटे आम्ही निघालो व दिवस मावळण्यापूर्वी खडीर बेटावरील धोळावीरा गाठले. तेथील एका गृहस्थाने आपल्या वाड्यालगत गाडी उभी करू दिली, वर ताकाचा तांब्या पाठविला. कच्छात आतिथ्य मागावे लागत नाही. परवानगी मात्र मागावी, ती मागण्यातच मान असतो. १९६०च्या दशकात उजेडात आलेले आणि १९९० पासूनच्या उत्खननांत उलगडलेले हे सिंधू संस्कृतीचे नगर २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरले. मानसर व मनहर हे दोन ओढे पावसाळ्यापुरते वाहणारे. त्यांचे पाणी बांधांनी वळवून जलाशयांच्या मालिकेत साठविणारी ही माणसे! पूर्वेकडील जलाशय सुमारे ७३ मीटर लांब आणि २९ मीटर रुंद आहे. त्याच्या पायऱ्यांवर उभे राहिले म्हणजे ज्या भूमीत गोडे पाणी दुर्मीळ तेथे बुद्धीचा पहिला उपयोग साठवण हाच असणार, हे उमगते. सौभाग्यवती त्यातील काही पायऱ्या उतरल्या आणि, सांगावयास संतोष वाटतो, चढूनही आल्या.

१३ तारखेस खडीरहून खावड्याकडे निघालो. हा रस्ता रणाच्या छातीवरून जातो. दोहों बाजूंस सुमारे तीस किलोमीटर केवळ पांढरेपणा. येथे आपल्या गाडीच्या चार चाकांचा अभिमान धरून रस्त्याखाली उतरू नये. वरचा मिठाचा पापुद्रा कोरडा दिसतो, खाली काळा चिखल असतो, आणि त्यात रुतल्यावर दोन चाके फिरतात की चार, यास फारसा अर्थ उरत नाही.

सायंकाळी काळा डुंगर चढलो. सुमारे ४६० मीटर उंचीचे हे कच्छातील सर्वांत उंच स्थान, आणि माथ्यावर दत्तात्रेयाचे देऊळ. गाणगापूर-नरसोबावाडीची ओढ असणाऱ्या मराठी माणसास या सीमेवरच्या डोंगरावर दत्तमहाराज भेटावेत, हे अप्रूपच. आरतीनंतर पुजारी 'लोंग, लोंग' अशी हाक घालतो आणि रानातील कोल्हे प्रसादाचा भात खावयास ओट्याशी येतात. देवस्थानच्या लोकांस विचारून आवाराच्या कडेस गाडी लावली. रात्री चंद्र वर आला, तसे खालचे रण दुधाच्या सायीसारखे दिसू लागले. मागचे दार उघडे टाकून, पाय खाली सोडून, शाली लपेटून आम्ही उभयता मंचकावर किती वेळ बसलो होतो, याची मोजदाद राहिली नाही. "ही फळी आपल्या घरच्यासारखीच आहे हो," एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या. संक्रांतीचा तिळगूळ त्यांनी दुसऱ्या दिवशी पुजाऱ्यास व आवारातील मुलांस वाटला. चौथी रात्र परतीच्या वाटेवर एका पेट्रोलपंपाच्या आवारात, मालकास विचारून काढली.

ज्यांना असा बेत करावयाचा असेल त्यांनी चार गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. ऊब हवी म्हणून इंजीन चालू ठेवून कधीही निजू नये, आत शेगडी अथवा स्टोव्ह पेटवू नये. त्यांच्या धुरातील विषारी वायूस रंग नाही की वास नाही, तो झोपेतच घात करतो. समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवून जाळी लावावी. गाडी सपाट जागी, हातब्रेक ओढून उभी करावी आणि शेजेची डोक्याकडील बाजू किंचित वर असावी. दर दिवशी सकाळी बोल्ट पान्याने तपासावेत, खराब रस्त्यावर ते सैल होतात. आणि गाडी धावत असताना त्या शेजेवर कोणीही, मग ते निद्रिस्त बालक का असेना, निजता कामा नये.

फळी सध्या आमच्या ओसरीत भिंतीला टेकून उभी आहे. रथसप्तमीच्या हळदीकुंकवास आलेल्या बायकांनी तिची चौकशी केली, तेव्हा सौभाग्यवतींनी त्यांस तिची मापे तोंडपाठ सांगितली आणि वैशाखात भाचीच्या लग्नास देवासला स्वतः येत असल्याचे पत्र त्याच आठवड्यात टाकले.