पहिली हळद आईच्या हातची

लग्नसराई आली की आमच्या चौथीच्या वर्गातली हजेरी कमी होते. मागच्या वर्षी लग्नाहून परतलेल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, अक्षता म्हणजे काय हो?" मी सांगितलं, अक्षत म्हणजे न तुटलेलं, अखंड. अख्खे तांदूळ टाकून 'तुमचा संसार अखंड राहो' असा आशीर्वाद द्यायचा. लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "मग ते पायाखाली का तुडवतात?" मी निरुत्तर झाले.

तेव्हा मला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आठवलं. धुळ्याला होतं. वडील जाऊन नऊ वर्षं झालेली. आईने शिवणकाम करून आम्हा दोघींना शिकवलं, माझं डी.एड. पूर्ण केलं. पण हळदीच्या दिवशी ती मागच्या खोलीत बट्टीचं पीठ मोजत बसलेली. हळद सवाशिणींनीच लावायची, ही रीत! बहीण पाटावर बसली आणि म्हणाली, "पहिली हळद आई लावेल." मांडवात एकदम शांतता. एक काका उठून बाहेर गेले. शेवटी ऐंशीच्या घरातली आत्या बोलली, "मायना हात कधी अशुभ ऱ्हास का?" आणि आईला हाताला धरून घेऊन आली. आईचा हात थरथरत होता. काका मात्र जेवायलाही थांबले नाहीत.

खरं तर बऱ्याच प्रथांमागे साधी गरज दिसते. वैशाखाच्या उन्हात सावली हवी म्हणून मांडवावर डहाळ्या, अंग स्वच्छ व्हावं म्हणून हळद. त्यात विधवेला बाजूला बसवण्याची गरज कुठे आली?

महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी भटजीशिवाय, कमी खर्चात लग्न लावून दाखवलं. पुढे वधू-वरांनी एकमेकांना म्हणायची मंगलाष्टकं फुल्यांनी मराठीत रचली. अलीकडे मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. म्हणजे ठरवलं तर रीत बदलता येते.

दुसऱ्या दिवशी मुलांनीच उत्तर शोधलं, "मॅडम, फुलांच्या पाकळ्या टाकू, तांदूळ शिजवून खाऊ!" आशीर्वाद तोच, नासाडी नाही. अर्थ असेल ती प्रथा जपावी, माणूस दुखावणारी सोडावी.

तुमच्या घरी लग्न असेल तर एकदा बघून या, मागच्या खोलीत कोण बसलंय?