तुकोबांच्या वाटेवर : लेखांक चौथा

देहू, सोमवार

गाथा मंदिराच्या भिंतींवर तुकोबांचे अभंग कोरले आहेत. लोक हात जोडतात, फोटो काढतात, पुढे सरकतात. वाचत थांबलेल्या एक आजी तेवढ्या दिसल्या. नात वाचत होती आणि ती अडखळली की पुढचा शब्द आजीच सांगत होत्या. सगळं पाठ होतं, तर मग वाचून कशाला घेता, असं विचारलं. "तिला यावं म्हणून, बाबा. पुढं-मागं लागतं."

मीही लागलं म्हणूनच निघालोय. धाकट्या भावाचं वर्कशॉप बंद पडल्याचं मागच्या लेखांकात आलंच आहे. आज दुपारीही वसुलीवाल्यांचे दोन फोन आले.

भंडारा डोंगर, मंगळवार

इंदोरीच्या बाजूनं वर आलो. देवळाकडे गर्दी, लेण्यांकडे कुणी नाही.

1630च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ. तुकोबांचा व्यापार बसला, दिवाळं निघालं, पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. कीर्तनात हा भाग भराभर उरकतात. पुढं वैकुंठाचं विमान यायचं असतं ना! मला मात्र इथून पाय निघेना. या डोंगरावर येऊन बसलेला माणूस अजून कुणाचा संत नव्हता, बुडालेला वाणी होता. जवळ काय होतं? ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ यांचे शब्द. त्यानं मोडकळीला आलेलं वडिलार्जित देऊळ सावरलं, संतांची वचनं पाठ केली, कीर्तनकाराच्या मागं उभं राहून धृपद धरलं. हे त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय. म्हणजे अभंग सुचण्याआधी बरीच वर्षं तो दुसऱ्यांचंच म्हणत होता.

कर्जखतांची गोष्टही त्याच काळातली. निम्मी खतं भाऊ कान्होबाच्या हवाली केली, आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. भावाला फोनवर सांगितलं तर हसला. "दादा, ती येणी होती. माझी देणी आहेत." कित्येक दिवसांनी हसला.

भामचंद्र, बुधवार

चाकणच्या कारखान्यांमधून, ट्रकांच्या रांगा चुकवत डोंगरापाशी पोचलो. तुकोबांना साक्षात्कार इथं झाला, असं परंपरा सांगते. गुहांत आजही वारकरी विद्यार्थी अभ्यासाला राहतात. त्यातल्या बीडकडच्या एका मुलाला विचारलं, "शंका येत नाही का रे?"

"येते की, माऊली. घरचा कापूस गेला तेव्हा आली. मग भांडणाचे अभंग काढतो."

गाथेत ते भरपूर आहेत. तुकोबा देवाला कृपण म्हणतात, त्याच्या नावानं बोटं मोडतात. एके ठिकाणी तर माझ्यापुरता तू संपलास, इथवर बोलून जातात. संकटात आपण पोथीत 'होईल सगळं नीट' असं वाक्य शोधतो. ते गाथेत फारसं सापडत नाही. सापडतो तो आपल्याहून जास्त चिडलेला माणूस, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच देवाशी बोलायला बसलेला. मला धीर आला तो यानं. बाकी उपदेशाचे अभंग सध्या माझ्या पचनी पडत नाहीत, हेही खरं.

शिऊर, शुक्रवार

एसटीनं अंग मोडून निघालं. वैजापूर तालुक्यातलं हे गाव, बहिणाबाईंच्या समाधीचं. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. या सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या.

कोल्हापुरात असताना जयरामस्वामींच्या कीर्तनातून तुकोबांचे अभंग यांच्या कानी पडले. नवरा वेदपाठी ब्राह्मण. शूद्राच्या पदांचा बायकोला ध्यास लागलेला त्याला सोसेना, त्यानं मारहाण केली. लाडकं वासरू मेलं, त्या शोकात तुकोबा स्वप्नात आले. प्रत्यक्ष भेट नाही, पुस्तक नाही, नुसती ऐकीव पदं, आणि तेवढ्यावर ही बाई तगली. पुढं नवरा आजारी पडला, वरमला आणि तिच्याबरोबर देहूला गेला.

त्यांचं आत्मनिवेदन मी प्रवासात वाचत आलो. वेद-पुराणं बाईला हीन ठरवतात, मग मी परमार्थ साधायचा कसा, हा प्रश्न त्या थेट विचारतात. त्याच पतिव्रताधर्मही सांगतात. दोन्ही जुळत नाही आणि त्यांनी जुळवूनही दाखवलेलं नाही. अभ्यासक काय म्हणायचं ते म्हणोत, मला हे प्रामाणिक वाटतं.

पुढच्या लेखांकात पिंपळनेर, निळोबारायांचं गाव. तोवर घरात गाथा असेल तर काढा, आणि सुरुवात भांडणाच्या अभंगांपासून करा.